पावसात सायकल चालवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागच्या अंकात सायकलवरच्या पावसाळी प्रवासाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन केले होते. पत्रे बहुतेक इंदूर, महू आणि देवासहून आली. त्यांतली काही मांडूला किंवा महेश्वरला जाणाऱ्यांची आहेत, तर काही लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया या देशांतल्या खेड्यापाड्यांतून सायकलने फिरण्याची तयारी करणाऱ्यांची. सगळ्यांना भिजण्याची काळजी भरपूर आहे. थांबावे कुठे आणि केव्हा, याची चौकशी मात्र फारच थोड्यांनी केली आहे. माझ्या मते उष्ण प्रदेशातल्या पावसात भिजणे ही किरकोळ गोष्ट आहे. दिवस सुखाचा जाईल की जिवावर बेतेल, हे थांबण्याच्या निर्णयावर ठरते. म्हणून प्रश्न कोणताही असला तरी उत्तरात हा मुद्दा डोकावणारच. वाचकांनी त्याचा राग मानू नये.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि आमच्या मित्रांचा एक छोटा गट दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरच्या अखेरीस, मध्य व्हिएतनाममध्ये ह्वेपासून होई आनपर्यंत सायकलने जाणार आहोत. तोपर्यंत पाऊस संपलेला असतो, असे सहल ठरवणाऱ्यांनी सांगितले आहे. तरीही एखाद्या दिवशी पाऊस लागलाच तर काय करावे? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : प्रथम तारखांचेच बोलू. माळव्यातून नैर्ऋत्य मोसमी पाऊस सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी माघारी फिरतो आणि दिवाळीपर्यंत इंदुरात पहाटेचा गारवा जाणवू लागतो. त्यामुळे ‘दिवाळीपर्यंत पाऊस संपतो’ हे विधान आपल्याला चटकन पटते. मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्याला मात्र ते लागू पडत नाही. तिथला मुख्य पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्यातले सर्वांत ओले महिने आहेत. नैर्ऋत्येचे वारे लाओसच्या बाजूला पाऊस पाडून त्रुओंग सोन पर्वतरांग ओलांडतात, तेव्हा ते कोरडे आणि तापलेले असतात. म्हणून आपण छत्र्या उघडतो त्या जून-जुलैत ह्वे आणि दा नांग उन्हाने भाजून निघतात. पुढे वारा फिरून ईशान्येकडून वाहू लागला, की तो समुद्रावरची वाफ घेऊन त्याच डोंगरांवर आदळतो, आणि त्यात चक्रीवादळांची भर पडते. चेन्नईला ऐन दिवाळीत पाऊस का पडतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. २०२० च्या ऑक्टोबरात या किनाऱ्यावर वादळांमागून वादळे आली, ह्वेच्या परिसरात मोठे पूर आले आणि डोंगरांत दरडी कोसळून अनेकांचे प्राण गेले. दरवर्षी असे होत नाही. पण आपल्या सहलीत ‘एखाद्या दिवशी’ पाऊस लागण्यापेक्षा एखाद्या दिवशी उघडीप मिळण्याची शक्यता अधिक आहे.

तारखा बदलता येत असतील, तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ या रस्त्यासाठी कितीतरी बरा आहे. तारखा पक्क्या असतील, तर जागा बदलावी : उत्तरेकडे हनोई आणि निन्ह बिन्हच्या परिसरात ऑक्टोबरच्या अखेरीस हवा बहुधा कोरडी आणि सुखद असते. दोन्ही शक्य नसेल, तर निदान दिवसाची आखणी किलोमीटरांवरून करू नये. पंधरा-वीस किलोमीटरांचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याच्या शेवटी छप्पर, खाणे आणि जमल्यास मुक्काम मिळेल असे गाव नकाशावर आधीच हेरून ठेवावे, आणि दुपारच्या जेवणाला जिथे पोहोचाल तिथेच उरलेल्या दिवसाचा निर्णय घ्यावा. पुढचा टप्पा अंधारापूर्वी निवांत संपेल अशी खात्री नसेल, तर तिथेच मुक्काम करावा. रात्रीच्या हॉटेलचे पैसे आधीच भरले आहेत, हे पुढे जाण्याचे कारण होऊ शकत नाही; पण गटातला एक तरी सभासद ते देतोच, म्हणून आरक्षण फिरवता येईल असेच करावे.

ह्वे आणि दा नांग यांच्यामध्ये हाय वान घाट आहे. त्याची उंची पाचशे मीटरांच्या जवळपास आहे आणि पावसात माथ्यावर ढग उतरले, की पुढचे वळणही दिसत नाही. २००५ मध्ये सुरू झालेला सहा किलोमीटरांहून लांब बोगदा या घाटाला पर्याय आहे, पण त्यात सायकल चालवू देत नाहीत. अशा दिवशी सरळ रेल्वेने जावे. रूळ डोंगराच्या कडेने समुद्राला धरून जातात आणि खिडकीतून तो प्रवास पावसातही सुंदर दिसतो. सायकल मात्र सामान म्हणून वेगळी पाठवावी लागू शकते, तेव्हा आदल्या दिवशीच स्टेशनवर चौकशी करावी. आणखी एक सूचना : व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियात वाहने उजव्या बाजूने चालतात, थायलंडमध्ये आपल्यासारखी डाव्या. कोरड्या दिवशी हे लक्षात राहते. पावसात मान खाली घालून आडोशातून पुन्हा रस्त्यावर येताना जुनी सवय उसळी मारते.

प्रश्न : माझ्याकडे साध्या रिम-ब्रेकची सायकल आहे. मागच्या पावसाळ्यात जाम घाट उतरताना ब्रेक आधी लागेचना आणि मग एकदम लागला. पुढच्या वर्षी उत्तर लाओसच्या डोंगराळ रस्त्यांवर जाण्याचा विचार आहे. नवी, डिस्क-ब्रेकची सायकल घ्यावीच लागेल का? (एक विद्यार्थी, महू)

उत्तर : घेतलीत तर सोय होईल, पण ती अट नाही. रिम-ब्रेक चाकाच्या धातूच्या कड्याला, म्हणजे रिमला, धरतो; डिस्क-ब्रेक चाकाच्या मध्याशी बसवलेल्या चकतीला. ओल्या रिमवर पाण्याचा पातळ थर असतो. ब्रेकचे रबर आधी तो थर पुसते आणि मगच रिमला धरते, त्यामुळे पहिला क्षण पोकळ जातो आणि पुढच्याच क्षणी ब्रेक जोराने लागतो. यावर उपाय असा, की वळण किंवा वस्ती दिसताच, गरज पडण्याच्या बऱ्याच आधी, दोन्ही ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्यावी आणि वेग वळणाआधीच कमी करावा. सायकल वळणात कललेली असताना पुढचा ब्रेक दाबू नये. टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली, तर ओल्या डांबरावर पकड सुधारते.

जाम घाटात माळव्याचे पठार संपून रस्ता निमाडात उतरतो, आणि पावसाळ्यातल्या रविवारी तिथे धुके, मोटारी आणि भुट्टे खाणारी मंडळी एकाच वेळी रस्त्यावर असतात. सरावाला यापेक्षा कठीण जागा जवळपास नाही, पण सराव सोमवारी करावा. उत्तर लाओसमधले उतार याहून पुष्कळ लांब असतात. ओल्या रस्त्यावरची बारीक वाळू रिम आणि रबर यांच्यामध्ये सापडून दोन्हींना घासत राहते. कोरड्यात महिनोन्‌महिने टिकणारे रबर डोंगरातल्या सततच्या पावसात काही दिवसांतच उडू शकते. म्हणून रबरांच्या निदान दोन जोड्या जवळ ठेवाव्यात आणि रोज संध्याकाळी जुन्या रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण सुईने काढून टाकावेत, कारण तेच पुढे रिम कोरतात. डिस्क-ब्रेक घेतलाच, तर तारेवर चालणारा घ्यावा. तेलाचा डिस्क-ब्रेक अधिक चांगला लागतो हे खरे, पण तो बिघडला तर लाओसच्या खेड्यात त्याला हात लावणारा मिळेलच असे नाही. तारेचा ब्रेक कोणीही ओढून घट्ट करून देतो.

रस्त्याविषयी थोडे. कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या सरीची पहिली काही मिनिटे सर्वांत निसरडी असतात, कारण साचलेले तेल आणि धूळ तरंगून वर येते. चहा पिण्यासाठी यापेक्षा योग्य वेळ नाही. रंगवलेले पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि रेल्वेचे रूळ काटकोनात, हँडल न वळवता ओलांडावेत. लाकडी फळ्यांच्या पुलावर फळ्या रस्त्याच्याच दिशेने टाकलेल्या असतील, तर दोन फळ्यांमधल्या फटीत चाक अडकते. तिथे उतरून चालावे. या देशांत कापणीच्या दिवसांत शेतकरी डांबरी रस्त्यावर भात वाळत घालतात आणि पाऊस आला की घाईने गोळा करतात. मागे उरलेला ओला पेंढा मागच्या गियरमध्ये गुंडाळला जातो, तेव्हा आधी त्यांना भात उचलू द्यावे. हाताशी रिकामी पोती दिसली, तर मदतही करावी.

प्रश्न : रपट्यावरून (ओढ्यावरच्या बुटक्या फरशी-पुलावरून) पाणी वाहत असेल आणि ते गुडघ्याच्या खाली असेल, तर सायकल हातात धरून पलीकडे जाता येईल का? (एक वाचक, देवास)

उत्तर : नाही. वाहते पाणी जेमतेम अर्धा फूट खोल असले तरी माणसाचा तोल घालवू शकते, आणि हातातली सायकल आधार देण्याऐवजी चाके व पिशव्यांवर पाण्याचा जोर घेऊन आपल्याला ओढते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा सुमारे चौपट होतो. शिवाय गढूळ पाण्याखाली रपटा अजून शाबूत आहे की वाहून गेला, हे काठावरून कळत नाही. आपल्या डोक्यावर पाऊस नाही, हाही भरवसा धरू नये. पाणी वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचे असते. २०११ च्या जुलैत पाताळपाणीच्या धबधब्यापाशी चोरल नदीच्या पात्रात सहलीला आलेले लोक लोंढ्यात वाहून गेले, हे इंदूरकरांना मुद्दाम सांगायला नको. डोंगरातला लहान ओढा बहुधा काही तासांत उतरतो. तोवर बसून राहावे.

आग्नेय आशियातल्या मोठ्या नद्यांचे गणित वेगळे आहे. मेकाँग पावसाळ्यात इतकी चढते, की कंबोडियातल्या तोनले साप नदीचा प्रवाह उलटा होऊन पाणी त्याच नावाच्या सरोवरात शिरते, आणि सरोवर कोरड्या ऋतूच्या पाच-सहा पट पसरते. तिथला पूर सावकाश येतो आणि महिनोन्‌महिने राहतो. मार्चमध्ये कोणी सायकलने गेलेला रस्ता सप्टेंबरात पाण्याखाली असू शकतो. अशा ठिकाणी जुन्या प्रवाशाने दिलेल्या वाटेपेक्षा गावातल्या नावाड्याचा शब्द प्रमाण मानावा.

प्रश्न : मी आणि माझी नणंद जुलै-ऑगस्टमध्ये लाओसमध्ये सायकलने फिरणार आहोत. रेनकोट कोणता घ्यावा, आणि वाटेत जोराचा पाऊस आला तर दोघी बायकांनी आडोसा कुठे शोधावा? (एक वाचक, टिळकनगर, इंदूर)

उत्तर : ताई, रेनकोटाचा प्रश्न आपल्याला वाटतो तेवढा मोठा नाही. सखल भागातल्या उकाड्यात कितीही महाग रेनकोट घातला, तरी चढावर घामाने आतून भिजायचेच. हलके, लवकर वाळणारे कपडे घालून खुशाल भिजावे; मात्र रात्रीचा एक जोड दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून पिशवीच्या तळाशी ठेवावा आणि काहीही झाले तरी तो दिवसा बाहेर काढू नये. हजार-दीड हजार मीटर उंचीवरच्या भागात गोष्ट वेगळी असते : तिथे भिजलेल्या अंगाने लांब उतार उतरताना वाऱ्याने हुडहुडी भरते, बोटे आखडतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाहीत. त्यासाठी वारा अडवणारे एक पातळ जाकीट पुरते. तिथल्या दुकानांत मिळणारा अंगभर प्लास्टिकचा झगा स्कूटरवर ठीक, पण सायकलवर तो पेडलमध्ये अडकतो.

आडोशाचा प्रश्न आपण विचारलात, हे फार बरे केलेत. लाओसच्या गावागावांत बौद्ध विहार असतात आणि त्यांच्या आवारात बाजूंनी उघडा, छताचा मंडप असतो; त्याला तिथे साला म्हणतात. आषाढ पौर्णिमेपासून सुमारे तीन महिने भिक्खूंचा वर्षावास असतो. आपल्याकडच्या चातुर्मासात साधू एके ठिकाणी राहतात तसेच भिक्खूही या काळात विहारातच मुक्काम करतात, त्यामुळे विहारात कोणी ना कोणी भेटतेच. चपला बाहेर काढाव्यात, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आणि स्त्रियांनी भिक्खूला स्पर्श करू नये किंवा त्यांच्या हातात थेट वस्तू देऊ नये. इतके पाळले, तर पाऊस थांबेपर्यंत बसायला कोणी सहसा हरकत घेत नाही. घराला लागून असलेली वाण्याची दुकाने आणि पेट्रोलपंपही चांगले. काहीतरी विकत घ्यावे आणि बसावे. पाऊस थांबायचे नाव घेत नसेल, तर हात करून बस थांबवावी. ग्रामीण बसवाले सायकल टपावर चढवतात आणि तिचे वेगळे पैसे घेतात. रक्कम आधी ठरवावी.

विजा चमकू लागल्या, तर आडोशाची निवड अधिक कडक करावी. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागावे, म्हणजे अंतर साधारण किलोमीटरांत कळते. तीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकाकी झाड आणि शेतातली उघडी खोपटी दोन्ही टाळावीत. सायकलचे रबरी टायर विजेपासून वाचवतात, ही निव्वळ समजूत आहे.

एक गोष्ट लाओसपुरती, पण जिवाची. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांत क्लस्टर बॉम्बमधून विखुरणारे सुमारे सत्तावीस कोटी लहान बॉम्ब होते, आणि त्यांतले अंदाजे तीस टक्के फुटलेच नाहीत. ते अजूनही जमिनीत आहेत. शियेंग खुआंग प्रांत आणि पूर्वेकडचे जिल्हे यांत ते विशेष आहेत. पावसाने माती धुपली, की काही वर येतात. म्हणून आडोशासाठी किंवा लघुशंकेसाठी रस्ता सोडून झाडीत शिरू नये. पायवाट रोज वापरातली दिसत असेल तरच तिच्यावर पाऊल टाकावे, आणि चेंडूएवढी लोखंडी गोल वस्तू दिसली तर हात न लावता आल्या पावली परतावे. शियेंग खुआंगमधल्या दगडी रांजणांच्या पठारावर जमिनीत बसवलेल्या खुणांची पांढरी बाजू तपासलेली जमीन दाखवते आणि तांबडी बाजू न तपासलेली. स्वच्छतागृहासाठी विहार, पेट्रोलपंप किंवा दुकान गाठावे. हासुद्धा टप्पे लहान ठेवण्याचा एक फायदा आहे.

प्रश्न : माझे वय साठीच्या पुढे असून मधुमेह आहे. सायकल रोज चालवतो. मुलगा ईशान्य थायलंडमध्ये सायकल-सहलीला नेतो म्हणतो. पावसात पायांची कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : काका, जायला हरकत नाही, मात्र आपल्या डॉक्टरांना ‘थायलंडला जातो’ एवढेच न सांगता ‘पावसाळ्यात भातशेतीच्या भागात सायकलने जातो’ असे सांगावे. ईशान्य थायलंड आणि लाओसच्या माती-पाण्यात मेलिऑइडोसिस या गंभीर आजाराचे जिवाणू असतात. ते त्वचेवरच्या जखमेतून शरीरात शिरतात, कधी श्वासातून किंवा पिण्याच्या पाण्यातूनही, आणि मधुमेह असणाऱ्यांना त्यांचा धोका सर्वांत जास्त असतो. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजारही होतो. त्यासाठी प्रतिबंधक गोळी घ्यावी की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावे. औषधाच्या दुकानदाराने किंवा सहलीतल्या सोबत्याने ठरवू नये. आपण एवढे करावे, की अनवाणी पायाने चिखलात उतरू नये, खरचटले तर लगेच स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन जलरोधक पट्टी लावावी, आणि परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर आपण कुठे आणि कोणत्या चिखलात होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

दिवसभर ओल्या बुटांत राहिलेल्या पायांना चिखल्या होतात आणि मधुमेहात बधिर झालेल्या तळव्याला फोड आलेला कळतही नाही. बुटांऐवजी पुढून बंद असलेली, पाणी निघून जाईल अशी सँडल घालावी, आणि मुक्कामी पाय पुसून, आरशात तळवे पाहून कोरडे मोजे घालावेत. साखर उतरली तर हाताशी काहीतरी हवे. पण ती पिशवीत जिलबी ठेवण्याची संधी समजू नये, ग्लुकोजच्या गोळ्या बंद डबीत ठेवाव्यात. साखर तपासण्याच्या पट्ट्या दमट हवेत खराब होतात, त्यांनाही घट्ट झाकणाची डबी हवी. आणि पाऊस कितीही रंगात आलेला असला, तरी जेवणाची आणि औषधाची वेळ झाली की थांबावे; मुलाला तसे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

प्रश्न : पावसात मोबाइलवर नकाशा पाहताच येत नाही. काय करावे? (एक वाचक, महू)

उत्तर : ओल्या पडद्याला बोट कळत नाही, त्याला इलाज नाही. सकाळीच टप्प्यांची गावे, त्यांच्यामधली अंतरे आणि वळणे कागदावर पेन्सिलीने लिहून तो पारदर्शक पिशवीत घालून हँडलला बांधावा. गावांची नावे तिथल्या लिपीतही लिहून घ्यावीत, म्हणजे कागद दाखवून विचारता येते. ओला मोबाइल चार्जिंगला लावू नये.

प्रश्न : मांडूहून परतताना काळ्या मातीने चाकेच फिरेनाशी झाली. मडगार्ड काढून टाकावेत का? आणि भिजलेली सायकल कशी ठेवावी? (एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : मडगार्ड काढू नयेत, डांबरी रस्त्यावर तेच पाठ आणि चेन दोन्ही वाचवतात. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटभर तरी अंतर राहील असे ते बसवून घ्यावेत. माळव्याची काळी माती ओली झाली की चिकटते आणि दर फेऱ्यागणिक वाढत जाते. लाओस-कंबोडियातली तांबडी माती इतकी चिकटत नाही, पण ती निसरडी असते. काळ्या मातीच्या गाडवाटेवर पाऊस सुरू झाला, तर पुढे रेटण्यात अर्थ नसतो. सायकल खांद्यावर घेऊन जवळच्या डांबरी रस्त्याला लागावे, नाहीतर तिथल्याच झोपडीत थांबून माती वाळू द्यावी. वाळलेली माती काडीने सहज निघते.

मुक्कामी पोहोचल्यावर सायकलवर साधे पाणी ओतावे. जोराच्या फवाऱ्याने बेअरिंगमधले ग्रीस निघून जाते. चेन फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीला दाट, पावसाळी तेलाचा थेंब द्यावा आणि वरचे तेल पुसून टाकावे, नाहीतर त्यावर वाळू बसते. आठवडाभराच्या पावसानंतर सीटच्या दांड्यावर उंचीची टेपने खूण करून तो काढावा आणि मागचे चाक उचलून सायकल थोडा वेळ उलटी धरावी. फ्रेममध्ये साचलेले पाणी किती निघते, ते पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते. दांडा परत घालण्यापूर्वी त्याची उंची टेपच्या खुणेशी जुळवून घ्यावी आणि त्याला थोडे ग्रीस लावावे. फ्रेम कार्बनची असेल, तर मात्र ग्रीसऐवजी तिच्यासाठी वेगळी पेस्ट मिळते ती वापरावी.